इंग्रजी उतारा : शब्द जुळवू नका, अर्थ शोधा



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत पेढ्यांच्या आधी प्रश्न येतो, "इंग्रजीत किती पडले?" गणिताची भीती सर्वांनाच असते, पण इंग्रजीची भीती वेगळी आहे. गणित आले नाही तर विद्यार्थी म्हणतो, "मला हे उदाहरण येत नाही." इंग्रजी आले नाही तर तोच विद्यार्थी म्हणतो, "माझे डोकेच चालत नाही." एका विषयातील अडचण तो स्वतःच्या बुद्धीचा दोष मानून बसतो. हा समज दूर व्हावा आणि उतारा वाचण्याची एक साधी, सर्वांना जमेल अशी रीत विद्यार्थ्यांच्या हाती यावी, एवढ्याच हेतूने आम्ही हा अभ्यासलेख देत आहोत.

महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. म्हणजे आज दहावीला बसणारा विद्यार्थी दहा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. त्याला हजार-दीड हजार शब्द ओळखीचे असतात. काळ पाठ असतात, 'पॅसिव्ह व्हॉइस'चे नियमही पाठ असतात. तरीही पुस्तकाबाहेरचा दहा ओळींचा उतारा समोर आला की तो गडबडतो. शब्द येतात आणि अर्थ येत नाही, असे का होते, हाच या लेखाचा विषय होय.

(येथे इंग्रजी वाक्ये देवनागरीत छापली आहेत. विद्यार्थ्यांनी ती प्रथम वहीत इंग्रजी लिपीत लिहून काढावीत आणि स्पेलिंग शब्दकोशात पाहून तपासावे. हाच या पाठाचा पहिला अभ्यास समजावा.)

उताऱ्याचे मोल

दहावीची इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तोंडी व अंतर्गत काम २० गुणांचे, अशी विभागणी आहे. २०१८ साली आलेल्या पाठ्यपुस्तकावर जी कृतिपत्रिका निघते तिच्यात पाठांतील उतारे, कविता, पाठ्येतर उतारा आणि त्याचा सारांश हे सर्व मिळून ८० पैकी निम्म्याहून अधिक गुण वाचून समजण्यावर असतात. तक्त्यातील माहितीवरून परिच्छेद लिहिणे आणि भाषांतर हे प्रश्नही अखेर वाचनावरच उभे आहेत. निबंध, पत्रे आणि गाईडमधील तयार उत्तरे पाठ करण्यात आपली मुले जेवढा वेळ घालवतात, त्याच्या अर्धा वेळ जरी नुसत्या वाचनाला दिला तरी फळ अधिक मिळेल. पाठ केलेले पत्र परीक्षेत येईलच असे नाही, उतारा मात्र हमखास येतो.

चूक कोठे होते?

बहुतेक विद्यार्थी उतारा वाचतच नाहीत. ते आधी प्रश्न पाहतात. प्रश्नातील एखादा ठळक शब्द धरतात, तो शब्द उताऱ्यात कोठे आहे ते बोटाने शोधतात आणि ती ओळ पूर्णविरामापर्यंत जशीच्या तशी उतरवून काढतात. याला आम्ही 'शब्द जुळवणे' म्हणतो. या युक्तीने सोप्या प्रश्नाला दोन गुण मिळतातही. म्हणूनच ती सवय लागते आणि आठवी-नववीपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु प्रश्न थोडा वळवून विचारला की ही युक्ती तोंडघशी पाडते. पुढील उताऱ्यावर आपण ते प्रत्यक्षच पाहू.

नमुना उतारा

"इन १९०७ अ बॉय फ्रॉम अ चाळ इन परळ पास्ड द मॅट्रिक्युलेशन एक्झामिनेशन. अ मीटिंग वॉज हेल्ड टू काँग्रॅच्युलेट हिम. अ टीचर, कृष्णाजी केळुस्कर, वॉज प्रेझेंट. ही गेव्ह द बॉय अ मराठी बुक ऑन द लाइफ ऑफ द बुद्ध, विच ही हिमसेल्फ हॅड रिटन. द बॉय जॉइन्ड एल्फिन्स्टन कॉलेज, बट आफ्टर सम टाइम हिज फादर कुड नो लाँगर पे फॉर हिज स्टडीज. केळुस्कर डिड नॉट सिट आयडल. ही टुक द यंग मॅन टू द महाराजा ऑफ बडोदा. द महाराजा आस्क्ड हिम सम क्वेश्चन्स, वॉज सॅटिस्फाइड विथ द रिप्लाइज, अँड ग्रँटेड हिम ट्वेंटी-फाइव्ह रुपीज अ मंथ. विदाउट दिस हेल्प ही माइट हॅव हॅड टू लीव्ह कॉलेज."

हा मुलगा कोण, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. उताऱ्यात त्याचे नाव मुद्दामच दिलेले नाही. पण नाव माहीत असणे वेगळे आणि उतारा समजणे वेगळे. आता प्रश्न घेऊ.

प्रश्न पहिला : मुलगा मॅट्रिक केव्हा झाला? उत्तर सरळ आहे, १९०७ साली. हा 'ओळीतला' प्रश्न. येथे शब्द जुळवूनही काम भागते.

प्रश्न दुसरा : मुलाला दिलेले पुस्तक कोणी लिहिले होते? शब्द जुळवणारा विद्यार्थी 'बुक' शब्दाची ओळ शोधतो. तिच्यात 'ही हिमसेल्फ हॅड रिटन' असे आहे. हा 'ही' कोण? जवळचा पुरुष 'बॉय' दिसतो, 'बुद्ध'ही दिसतो. काही जण "पुस्तक मुलाने लिहिले" असे लिहून मोकळे होतात! वास्तविक वाक्याच्या आरंभी जो 'ही' आहे तो केळुस्करांसाठी आहे. देणारा तोच आणि लिहिणाराही तोच. म्हणून उत्तर, केळुस्कर. हा 'सर्वनामाचा' प्रश्न होय.

प्रश्न तिसरा, चूक की बरोबर : वडिलांनी मुलाला शिकवण्यास नकार दिला. 'फादर' आणि 'स्टडीज' हे दोन शब्द उताऱ्यात एकाच ओळीत दिसतात, म्हणून घाईने 'बरोबर' असे लिहिले जाते. परंतु 'कुड नो लाँगर पे' याचा अर्थ 'यापुढे खर्च करू शकत नव्हते' असा आहे. न शकणे आणि नाकारणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उत्तर 'चूक'.

प्रश्न चौथा : मुलाने कॉलेज सोडले काय? शेवटच्या ओळीत 'लीव्ह कॉलेज' हे शब्द आहेत. ते उतरवणारा विद्यार्थी "होय" म्हणतो. पण 'माइट हॅव हॅड टू लीव्ह' म्हणजे 'सोडावे लागले असते'. मदत मिळाली, म्हणून सोडावे लागले नाही. मराठीत 'असते' या एका शब्दाने घडलेले आणि न घडलेले वेगळे होते. इंग्रजीत ते काम 'माइट हॅव', 'वुड हॅव', 'कुड हॅव' हे शब्दगट करतात. ते दिसले की पेन्सिलीने अधोरेखित करावेत.

प्रश्न पाचवा : केळुस्कर कसे गृहस्थ होते? आधार देऊन लिहा. 'चांगले', 'दयाळू' असा शब्द उताऱ्यात कोठेच नाही. म्हणून विद्यार्थी हा प्रश्न सोडून देतो किंवा मनाने काहीही लिहितो. येथे कृतीवरून स्वभाव ओळखावयाचा असतो. त्यांनी स्वतःचे पुस्तक भेट दिले, गप्प बसले नाहीत, मुलाला महाराजांकडे नेले. तेव्हा ते विद्येची कदर करणारे आणि शब्दापेक्षा कृती करणारे होते, असे उत्तर येते. 'केळुस्कर डिड नॉट सिट आयडल' हे वाक्य आधार म्हणून द्यावे. हा 'ओळींच्या मधला' प्रश्न. उत्तर ओळीत लिहिलेले नसते, पण ओळींच्या बाहेरचेही नसते.

याशिवाय शब्दार्थाचा, व्याकरणाचा आणि स्वतःचे मत विचारणारा असे प्रश्न असतात. मताच्या प्रश्नाला कोणतेही एकच उत्तर बरोबर नसते. दोन-तीन पूर्ण वाक्ये, स्वतःच्या शब्दांत आणि विषयाला धरून लिहिली म्हणजे पुरे. 'यस' किंवा 'नो' एवढेच लिहून हातचे गुण घालवू नयेत.

वरील पाच प्रश्नांपैकी केवळ एकच शब्द जुळवून सुटला, हे ध्यानात घ्यावे. उरलेल्या चारांसाठी उताऱ्यातील सर्व शब्दांचा अर्थ येणे गरजेचे नव्हते. वाक्यात कोण, काय, कोणासाठी करतो हे कळणे गरजेचे होते.

वाक्य उलगडण्याची रीत

१) आधी मुख्य क्रियापद पकडा. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे आपले डोळे नकळत शेवटाकडे धावतात. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येते; पण कर्ता लांबलचक असला की ते दडून बसते. उदाहरणार्थ, "द मॅन हू ब्रॉट द बॉक्सेस फ्रॉम द गोडाउन लेफ्ट अर्ली." 'लेफ्ट'च्या अगदी शेजारी 'गोडाउन' आहे. म्हणून घाईत "गोदाम लवकर सुटले" असा अर्थ लावला जातो! 'हू'पासून 'गोडाउन'पर्यंतचा भाग कंसात टाका. उरते ते, 'द मॅन लेफ्ट अर्ली'. माणूस लवकर निघाला. कोणता माणूस? गोदामातून खोकी आणणारा. लांब वाक्याला घाबरू नये, त्यात कंस घालावा.

२) सर्वनामाला बाण काढा. 'ही', 'शी', 'इट', 'दे', 'दिस', 'दॅट', 'विच' हे शब्द कोणाच्या तरी जागी आलेले असतात. सरावाच्या काळात प्रत्येक सर्वनामापासून त्याच्या नामाकडे पेन्सिलीने बाण काढावा. आपल्या उताऱ्यातील 'दिस हेल्प' म्हणजे कोणती मदत? दरमहा २५ रुपयांची. 'द महाराजा आस्क्ड हिम' यातील 'हिम' कोण? महाराजांसमोर ज्याला नेले तो तरुण. पंधरा दिवस बाण काढले की पुढे डोळ्यांना तशी सवयच लागते.

३) जोडशब्दांपाशी थांबा. वाक्याची दिशा बदलणारे शब्द थोडेच आहेत, पण सारा अर्थ त्यांच्या हाती असतो. 'बट' आणि 'हाऊएव्हर' आले की गाडी उलट वळते. 'ऑल्दो' म्हणजे 'जरी'. 'तरी' आपण मनात घालावयाचे. 'सिन्स'चे दोन अर्थ आहेत, 'पासून' आणि 'कारण'. सर्वांत फसवा शब्द 'अनलेस'. "यू कॅनॉट एंटर अनलेस यू हॅव अ पास" म्हणजे "पास असल्याशिवाय आत जाता येणार नाही." 'अनलेस'च्या पोटातच नकार आहे, म्हणून त्याच्यापुढे दुसरा 'नॉट' सहसा दिसत नाही. तसेच 'टू' आणि 'टू' यांची जोडी. "द ट्रक वॉज टू हेवी टू क्रॉस द ब्रिज." या वाक्यात 'नॉट' कोठेही नाही, तरी अर्थ नकाराचाच आहे. ट्रक इतका जड होता की पूल ओलांडू शकला नाही. पहिल्या 'टू'चे स्पेलिंग तीन अक्षरी आणि दुसऱ्याचे दोन अक्षरी असते, हेही पाहून ठेवावे.

४) अनोळखी शब्दापाशी अडून बसू नका. 'ग्रँटेड' हा शब्द येत नाही असे समजा. आजूबाजूला पाहा. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी समाधान झाले आणि त्याला दरमहा २५ रुपये... काय केले असेल? मंजूर केले, दुसरे काय! अर्थ हाती आला. ओळखीचा शब्दही कधी वेगळा अर्थ घेऊन येतो. "द बोट रीच्ड द बँक" या वाक्यात होडी पैसे काढावयास गेलेली नाही, ती काठाला लागली आहे. खाडीकाठच्या आपल्या गावातील मुलांनी तरी हा अर्थ विसरू नये. एकूण उताऱ्यात चार-पाच शब्द अजिबात कळले नाहीत तरी बिघडत नाही. ते सोडून पुढे जावे आणि प्रश्नाने विचारले तरच परत यावे.

५) मनात मराठीत सांगा. प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की पुस्तक झाकून, "काय झाले?" हे मराठीत एका वाक्यात सांगावे. जे मराठीत सांगता आले नाही ते समजलेले नाही, असे खुशाल मानावे आणि पुन्हा वाचावे. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करू नये. घडलेली गोष्ट आपल्या बोलीत सांगावी. घरी आगरी बोलत असाल, खानदेशी वा वऱ्हाडी बोलत असाल, तर त्या बोलीत सांगावी. समज येण्यासाठी मातृभाषा ही शिडी आहे, तिची लाज बाळगू नये.

सारांश कसा लिहावा?

सारांश मूळ उताऱ्याच्या सुमारे एक तृतीयांश असावा आणि त्याला समर्पक शीर्षक द्यावे. पहिल्या आणि शेवटच्या ओळी जोडल्या म्हणजे सारांश होत नाही. आधी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात : कोणाविषयी आहे? अडचण कोणती आली? शेवट काय झाला? वरील उताऱ्यात सभा, महाराजांचे प्रश्न, महाराजांचे समाधान हे तपशील गाळता येतात. मुलगा, पुस्तक, पैशाची अडचण, केळुस्करांची धडपड आणि मदत हे गाळता येत नाहीत. शीर्षक 'अ टाइमली हेल्प' असे देऊन पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

"अ बॉय फ्रॉम परळ पास्ड मॅट्रिक इन १९०७. अ टीचर, केळुस्कर, गेव्ह हिम हिज ओन बुक ऑन द बुद्ध. व्हेन मनी रॅन शॉर्ट, केळुस्कर टुक हिम टू द महाराजा ऑफ बडोदा, हूज मंथली हेल्प केप्ट हिम इन कॉलेज."

तीन वाक्यांत काम झाले. विद्यार्थ्यांनी यापेक्षा वेगळा सारांश स्वतः लिहून पाहावा.

परीक्षेच्या दालनात

तीन तासांत ८० गुण, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे. दहा गुणांच्या उताऱ्याला वीस-बावीस मिनिटे मिळतात. त्यांची वाटणी अशी करावी. पहिली दोन मिनिटे उतारा न थांबता एकदा वाचावा. मग एक मिनिट प्रश्नांवरून नजर फिरवावी. चार-पाच मिनिटे पेन्सिल घेऊन सावकाश दुसरे वाचन करावे. दहा-बारा मिनिटे उत्तरे लिहावीत आणि उरलेल्या वेळात फक्त तीन गोष्टी तपासाव्यात : प्रश्नाचा काळ आणि उत्तराचा काळ जुळतो काय, 'हूज, व्हेअर, व्हाय' यांपैकी जे विचारले तेच सांगितले काय, आणि कृती क्रमांक अचूक घातला काय. 'व्हाय'चे उत्तर 'बिकॉज' किंवा 'टू'ने सुरू झाले पाहिजे आणि 'व्हेन'च्या उत्तरात वेळ आली पाहिजे. हे तपासायला अर्धे मिनिट लागते, पण गेलेले गुण परत येतात.

वस्तीतील सराव

पुष्कळ पालक म्हणतात, "आमच्या घरात इंग्रजी कोणाला येत नाही, मुलाने सराव कसा करावा?" आमचे उत्तर असे की, इंग्रजी आपल्या दारात येऊन पडलेले आहे. ठाण्याहून बाळकुम सोडून खाडीपूल ओलांडला की कशेळी लागते. पुढे काल्हेर, पूर्णा, अंजूरफाट्यापर्यंत गोदामांची रांग आहे. या गोदामांतील प्रत्येक खोक्यावर इंग्रजी छापलेले असते : 'धिस साइड अप', 'कीप ड्राय', 'हँडल विथ केअर', 'डू नॉट स्टॅक मोअर दॅन फाइव्ह'. रिकामे खोके घरी आले तर मुलाने त्यावरील प्रत्येक सूचना वाचून, तसे न केल्यास काय होईल ते मराठीत सांगावे. औषधाच्या पाकिटावरील सूचना, वीजबिलाची मागची बाजू, रेल्वेच्या पासावरील मजकूर, कारखान्याच्या फाटकावरील पाटी हे सर्व उतारेच आहेत. फरक एवढाच की या उताऱ्यांखाली प्रश्न छापलेले नसतात. ते आपण विचारावयाचे.

दुसरे साधन प्रत्येकाच्या दप्तरात आहे. पाठ्यपुस्तकाच्या आरंभी संविधानाची उद्देशिका छापलेली असते, इंग्रजी पुस्तकात इंग्रजीतून आणि मराठी पुस्तकात मराठीतून. इंग्रजी उद्देशिका हे संपूर्ण एकच वाक्य आहे! विद्यार्थ्यांनी त्यात कर्ता कोणता आणि मुख्य क्रियापदे कोणती ते शोधावे. कर्ता अगदी पहिल्या ओळीत आहे आणि स्वीकारणे, अधिनियमित करणे, अर्पण करणे ही क्रियापदे अगदी शेवटी आहेत. मधला सारा भाग कंसात बसतो. ज्याला हे वाक्य उलगडता आले त्याला दहावीच्या कोणत्याही वाक्याची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही. शिवाय दररोज प्रार्थनेच्या वेळी म्हटले जाणारे हे वाक्य नेमके काय सांगते, तेही त्याला आयुष्यभरासाठी कळते.

तिसरे साधन आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटात ठेवलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली प्रसिद्ध झाला. मराठी भाषांतर बहुतेकांनी पाहिले आहे. मूळ इंग्रजी फार थोड्यांनी उघडले आहे. त्या ग्रंथाची मांडणी लहान लहान क्रमांकित परिच्छेदांची आणि वाक्ये पुष्कळदा छोटी आहेत. मराठी प्रत डावीकडे, इंग्रजी प्रत उजवीकडे ठेवून दररोज पाच क्रमांक वाचावेत. आधी इंग्रजी वाचावे, अर्थाचा अंदाज करावा आणि मग मराठीत तो पडताळावा. आधी मराठी वाचल्यास अंदाज करण्याची कसरत होत नाही. पूजेचा ग्रंथ म्हणून त्याला फुले वाहण्याबरोबर त्याची पाने उलटणे हेही आपले काम आहे.

आठवड्याची आखणी

चार-पाच विद्यार्थ्यांचा गट करावा. सोमवारी एक नवा उतारा एकाने मोठ्याने वाचावा आणि इतरांनी ऐकून मराठीत सांगावा. मंगळवारी त्याच उताऱ्यात कंस आणि बाण घालावेत. बुधवारी प्रत्येकाने स्वतः तीन प्रश्न तयार करावेत : एक ओळीतला, एक सर्वनामाचा, एक ओळींच्या मधला. प्रश्न काढता येऊ लागले की उत्तरे आपोआप सापडतात, असा आमचा अनुभव आहे. गुरुवारी एकमेकांचे प्रश्न सोडवावेत. शुक्रवारी सारांश लिहावा आणि शनिवारी घड्याळ लावून नवा उतारा सोडवावा. रोजचे वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. जूनमध्ये आरंभ केला तर फेब्रुवारीपर्यंत पुष्कळ उतारे होतात. गटात जो पुढे असेल त्याने मागे असलेल्याला समजावून द्यावे. समजावून देताना त्याचे स्वतःचे ज्ञान पक्के होते.

पालक आणि सभासदांस

इंग्रजी हे ज्ञानाचे दार आहे, हे सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ साली 'काव्यफुले'तून सांगितले. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृहे आणि वाचनालये यांना आपल्या कार्यात स्थान दिले. ज्या मुलाला केळुस्करांनी पुस्तक दिले तो १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेला, आणि पुढे त्याने आपले बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. हा वारसा भाषणात सांगण्यापुरता ठेवू नये. केळुस्करांनी दोनच गोष्टी केल्या होत्या : एक पुस्तक हाती दिले आणि अडचणीच्या वेळी सोबत चालत गेले. आपल्यातील प्रत्येक नोकरदार सभासदाला या दोन्ही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ अभ्यासिकेत बसून चार मुलांचा एक उतारा ऐकावा. इंग्रजी फाडफाड बोलता येण्याची गरज नाही, "हा 'ही' कोण?" एवढे विचारता आले तरी पुरे.

पालकांनी मुलाला "किती पाने वाचलीस?" असे न विचारता "आज काय कळले, मला सांग" असे विचारावे. आईला इंग्रजी येत नसेल तर उत्तमच. तिला समजेल असे सांगण्यासाठी मुलाला आधी स्वतः समजून घ्यावे लागेल.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. शब्द जुळवून पस्तीस गुण मिळवता येतात. परंतु परीक्षा संपल्यावर हीच मुले नोकरीचे नियुक्तिपत्र, खोलीचा भाडेकरार, कर्जाचा कागद, गोदामातील हजेरीचे करारपत्र यांवर सह्या करणार आहेत. त्या कागदांवर 'अनलेस' असेल, 'माइट' असेल, 'शॅल नॉट' असेल, आणि चुकीचे उत्तर दिले म्हणून तेथे फक्त दोन गुण जाणार नाहीत. आपल्या आधीच्या पिढ्यांनी न वाचता अंगठे उठवले, कारण त्यांना वाचूच दिले गेले नव्हते. आपल्या मुलांनी वाचता येत असूनही न समजता सही करावी, ही गोष्ट आपण होऊ देता कामा नये. सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ समजून घेणारा विद्यार्थी घडवणे, हीच या अभ्यासाची खरी परीक्षा आहे. दहावीची परीक्षा ही तिची पहिली पायरी होय.